फ्रिजमधलं पिल्लू

६ मार्च

पोचलो एकदाचे! टेम्पोत माझ्या मांडीवर आरसा, पायाशी कुकर, आणि नवरोबांच्या मांडीवर त्यांच्या हत्यारांची पेटी. ती त्यांनी कुणाला धरू दिली नाही. बायको खड्ड्यात उडून पडली तरी चालेल, पाने-पक्कड सुखरूप पोचले पाहिजेत. जुन्या घरमालकाला जागा परत हवी होती म्हणून निघावं लागलं, पण खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. सात वर्षं एका खोलीत काढली. इथे सासरच्या घरात आम्हाला मागच्या अंगाची मोठी खोली मिळाली आहे. दोन खिडक्या, त्यातली एक अंगणाकडे. तिच्याखाली टेबल सरकवलं आणि पहिलं काम काय केलं तर ही वही काढली.

घरात माणसं मोजकी. सासूबाई, थोरली जाऊ आणि तिची मुलगी. थोरले दीर बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा उगवतात. मुलीचं नाव चांगलं भारदस्त ठेवलंय, पण तिला सगळे ठमीच म्हणतात आणि तेच शोभतं. वर्षाची होत आली आहे. गाल असे की मानेला जागाच उरलेली नाही. खुर्चीचा पाय धरून उभी राहते, हात सोडून बघते आणि बदकन बसते.

थोरलीने स्वागत झकास केलं. पलंगावर धुतलेली चादर, टेबलावर पाण्याचा जग, खिडकीत फुलंसुद्धा. म्हणाली, मला सरळ ताई म्हण. म्हणेन की. वहीत मात्र ती थोरलीच.

ठमीला उचलून घेतलं तर तिने भोकाड पसरलं. नवीन माणूस आहे, होईल सवय, असं सगळ्यांनी म्हटलं. मीही हसले.

१० मार्च

मागच्या अंगणात खुराडं आहे, आणि खुराडं म्हणजे थोरलीचं राज्य. वीसेक कोंबड्या. ही दार उघडून जिभेने टकटक करते की सगळ्या पळत येतात. मी अगदी तशीच टकटक करून पाहिली. एकीने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा माती उकरायला लागली.

गल्लीतली माणसं अंडी घ्यायला येतात. दार मी उघडलं तरी विचारतात, ताई नाहीत का? मी काय अंडी मोजून देऊ शकत नाही? पण नाही, ताईच हव्यात. ताईंच्या हाताला गुण आहे म्हणे.

आज एका कोंबडीखालची पिल्लं निघाली. एक बिचारं वेडंवाकडं होतं. चोचीचे दोन भाग एकमेकांवर कात्रीसारखे, आणि पाय दोन दिशांना फाकलेले. थोरलीने दिवसभर त्याला सोडलं नाही. ड्रॉपरने पाणी पाजलं, दिव्याखाली ठेवलं, पाय जवळ आणून चिंधीने सैल बांधले. संध्याकाळी म्हणाली, ह्याचं काही होणार नाही, उगाच हाल नकोत. धुण्याच्या दगडामागे गेली आणि दोन क्षणांत परत आली. साबणाने हात धुतले, चहा टाकला. डोळे थोडे लाल होते तेवढंच. मला मेलीला त्याचाही राग आला. माणसाने एखादं काम तरी वाईट करावं!

चहा पिताना तिने घरातला नियम सांगितला. अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिल्लाला हात लावायचा नाही. त्याने स्वतः टरफल फोडायचं. ज्याला ते जमत नाही त्याच्यात मुळातच काही कमी असतं. आणि कुणी हात लावलाच, तर पुढे वेळ आल्यावर त्याच माणसाने त्याला सोडवायचं. मारायचं असं इथे कुणी म्हणत नाही, सोडवायचं म्हणतात. मी विचारलं, असं का? ती म्हणाली, आपण केलेलं दुसऱ्याने का निस्तरायचं? सासूबाई खुर्चीत मटार सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

१२ मार्च

परवा रात्री मला एक भन्नाट कल्पना सुचली. नवरोबा फ्रिज दुरुस्त करतात आणि त्यांच्या दुकानात एक मेलेला फ्रिज धूळ खात पडला होता. म्हटलं, ह्याची उबवणी पेटी करून द्या. कोंबडीची मिनतवारी कशाला? माझी मीच पिल्लं काढीन. माणूस कमी बोलतो पण हाताचा वस्ताद. आत दोन बल्ब, एक छोटा पंखा, ऊब वाढली की आपोआप बंद होणारं बटण आणि दाराला काच. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलाय. दिवसभर पिवळा उजेड पडतो, मला फार आवडतो.

थोरलीने आज तिच्याच कोंबड्यांची अंडी दिली, हसत हसत. आजच तिने तिच्या खुडूक झालेल्या भुऱ्या कोंबडीलाही अंड्यांवर बसवलं. म्हणाली, बघू या कुणाची आधी निघतात. गंमत म्हणून म्हणाली असेल. मी गंमत म्हणून घेतलं नाही.

फ्रिजमध्ये तिने एक पाण्याचं वाटगं ठेवलं. हवा कोरडी झाली की टरफलाच्या आतला पापुद्रा पिल्लाला चिकटतो, असं सांगितलं. बरं बाई.

२० मार्च

थोरलीने अंडी बल्बपुढे धरून दाखवली. आत जीव असला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. तिच्या सगळ्या अंड्यांत दिसल्या. माझी निम्मी कोरी निघाली. एकेक बाजूला ठेवत ती आपली सहज म्हणत गेली, हे वांझ, हेही वांझ. मग एकदम गप्प झाली. माझ्याकडे बघावं की नको हे तिला कळेना. नेमकं तेच तिने करायला नको होतं. रागावली असती तर मी भांडले तरी असते. दया कसली दाखवते?

ती गेल्यावर वाटग्याकडे लक्ष गेलं. माझ्या पेटीत तिचं वाटगं. उचललं आणि पाणी कुंडीत ओतलं. माझं मला कळतं.

२ एप्रिल

भुरीखाली सगळी निघाली. नऊच्या नऊ, पिवळी, ठिपक्याची, गुबगुबीत. गल्लीतली पोरंटोरं बघायला आली. सासूबाई काठी टेकत अंगणात गेल्या. नवरोबासुद्धा डबा तसाच ठेवून तिकडे! ठमी आईच्या कडेवरून टाळ्या वाजवत होती.

माझा फ्रिज गप्प. एक अंडं हललं, त्याला बारीकसं भोक पडलं, आतून चोच दिसली. मग काहीच नाही.

३ एप्रिल

अजून तसंच आहे. भोकातून चोच उघडते, मिटते. आवाज इतका बारीक की कान लावावा लागतो. पापुद्रा वाळून कागदासारखा झालाय आणि त्याला आवळून बसलाय. वाटग्याचं आठवलं. बोलले नाही कुणाला.

बाहेर थोरलीची नऊ पिल्लं चिवचिवत होती.

मी नखाने टरफल सोललं. थोडं रक्त आलं. कोमट पाण्यात बोळा भिजवून पापुद्रा सोडवला आणि ते माझ्या तळहातावर आलं. माझं. डावा डोळा कातडीने बंद. बेंबी उघडी, तिथे पिवळा बलक लोंबतोय. पाय फाकलेले. आणि मान वर करून ते माझ्याकडेच बघत होतं. ह्या घरात माझ्याकडे आधी बघणारं पहिलंच कुणीतरी.

थोरली आली आणि बघतच राहिली. रागावली नाही. हळूच म्हणाली, फार त्रासात आहे गं ते. मग म्हणाली, "तूच काढलंस, तूच सोडव. हवं तर मी जवळ उभी राहते."

मी नाही म्हटलं. तुझी नऊ जगावीत आणि माझं एक मरावं, होय ना? असं तोंडाने म्हटलं नाही. पण दार जरा जोरात लागलं माझ्याकडून.

५ एप्रिल

गोंड्या नाव ठेवलंय. बुटाच्या खोक्यात भुसा, वर जुन्या टॉवेलची घडी, शेजारी दिवा. दर थोड्या वेळाने साखरपाण्याचा थेंब. सगळे म्हणत होते की आजचा दिवस काढणार नाही. काढला. नवरोबा म्हणाले, तुझ्यासारखंच हट्टी दिसतंय. किती दिवसांनी हसले मी.

त्याचा आवाज निराळा आहे. बाकीची चिवचिव करतात. हा एकच सूर लांब ओढतो, ओल्या काचेवर बोट घासल्यासारखा. आज त्याने तो सूर लावला आणि अंगणातली थोरलीची पिल्लं दाणे टाकून माझ्या खिडकीखाली जमली. वर बघत उभी. थोरली टकटक करून दमली, एक हललं नाही.

काय बरं वाटलं म्हणून सांगू!

९ एप्रिल

गोंड्याची बेंबी बंद झाली! काल संध्याकाळपर्यंत ओली होती, आज सकाळी गुळगुळीत, खूणही नाही. ओरडतच बाहेर गेले सगळ्यांना दाखवायला.

थोरली धुण्याच्या दगडापाशी बसली होती. तिचं ठिपक्याचं पिल्लू मेलं. हातात उलटं धरून दाखवलं. बेंबी उघडी, पिवळं पाणी येत होतं. म्हणाली, ह्याची पहिल्याच दिवशी बंद झाली होती, मी स्वतः बघितली होती.

मी गोंड्याची बातमी सांगितली नाही. म्हणजे लगेच नाही सांगितली. जेवताना सांगितली.

१३ एप्रिल

गोंड्याचा डावा डोळा उघडला. कातडी फाटली नाही, नुसती नाहीशी झाली. डोळा काळाभोर, स्वच्छ.

थोरलीच्या एका पिल्लाचा डावा डोळा मिटलाय. मिटलाय म्हणजे तिथे पापणीच नाही, सलग कातडी. जनावरांचे डॉक्टर आले होते. काहीतरी साथ असेल म्हणाले आणि पाण्यात घालायची पुडी दिली. माझा खोका बघायला मागितला. मी म्हटलं, झोपलंय.

थोरली दिवसभर खुराडं धूत होती. कंबर धरून उभी राहिली की तोंड इतकंसं व्हायचं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं गार वाटलं. लिहायला काय लाजायचं, वही माझीच आहे.

१६ एप्रिल

तिची आता चारच उरली. त्यांना पंख फुटायला लागलेत. गोंड्या मात्र अंड्यातून काढला तेव्हा होता तेवढाच आहे, एक पीस नाही. पण अंग गरम, छाती धडधडते, खातो बरा.

फक्त पाय राहिले. फाकलेलेच आहेत. थोरलीने केलं होतं तसं आज मीही केलं. निळ्या चिंधीची पट्टी कापली, दोन्ही पाय जवळ आणून बांधले. ती सैल बांधायची, मी जरा घट्ट बांधली. लवकर सरळ व्हावेत म्हणून.

दुपारी थोरली ठमीला आंघोळ घालत होती. मला हाक मारून विचारलं, हे काय चावलं असेल गं? ठमीच्या दोन्ही घोट्यांवर लाल वळ. गोल, सारख्या रुंदीचे. माझ्या पट्टीएवढे रुंद.

म्हटलं, मोजे घट्ट झाले असतील.

१७ एप्रिल

पट्टी सोडली. ठमीचे वळ तासाभरात गेले.

योगायोग असेल.

दुपारी गोंड्याच्या पाठीवरून बोट फिरवत बसले होते. त्याने तो लांब सूर लावला. दार ढकललं गेलं आणि ठमी रांगत आत आली. एकटी. सरळ माझ्यापाशी. माझ्या साडीचा काठ धरला आणि मांडीवर डोकं टेकलं. माझ्याकडे दिली की निळी होईपर्यंत रडणारी ही पोरगी! तिच्या केसांना दुधाचा आणि उन्हाचा वास येतो. मी श्वाससुद्धा हळू घेत होते.

थोरली शोधत आली. हात पुढे केले. ठमीने तोंड फिरवलं.

तिचा चेहरा बघायला हवा होता. मी बघितला. चांगला पोटभर बघितला.

१९ एप्रिल

रोज येते आता. मी पाठीवरून बोट फिरवते, तो सूर लावतो, ती येते. तिकडे दूध पीत असली तरी टाकून येते. माझ्या हातचं खाते, माझ्याच खांद्यावर झोपते. थोरली म्हणाली, बरं झालं, काकूचा लळा लागला. हसून म्हणाली, आणि ठमीची उरलेली दुधाची वाटी उचलून आत नेली.

ठमी खुर्ची धरून उभी राहत नाही. दोन दिवस झाले.

गोंड्याचा उजवा पाय सरळ झालाय.

२१ एप्रिल

ठमीला उभं करायला गेलं की पाय दोन्हीकडे जातात. रडत नाही. बसून राहते, पाय फाकून, आणि माझ्याकडे बघते.

थोरलीची सगळी पिल्लं संपली. तिने खुराड्याला कडी लावली आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला जाऊन रडली. मी खिडकीतून पाहिलं. गार नाही वाटलं ह्या वेळी.

२२ एप्रिल

आज सासूबाई माझ्या खोलीत आल्या. आल्यापासून पहिल्यांदाच. काठी दाराला टेकवली, खोक्यात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पलंगावर बसल्या आणि जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

जे स्वतःच्या जोरावर बाहेर आलं नाही ते स्वतःच्या जोरावर जगतही नाही, म्हणाल्या. आजूबाजूच्यांकडून घेत राहतं. आधी आपल्यासारख्यांकडून, मग ज्याच्यावर काढणाऱ्याचा जीव आहे त्याच्याकडून. मी म्हटलं, नियम असा पूर्ण का नाही सांगितला? म्हणाल्या, थोरलीला सांगायला गेले होते, तिने अर्ध्यातच हसून सोडून दिला. तुला सांगून तू ऐकलं असतंस?

नसतं ऐकलं.

मग म्हणाल्या, "काढणाऱ्याने सोडवलं तर गाठ सुटते आणि ते एकटं जातं. दुसऱ्याने केलं तर ते एकटं जात नाही."

तुम्हाला कसं ठाऊक, विचारलं. एकदा बघितलंय, म्हणाल्या. काय बघितलं ते सांगितलं नाही. काठी घेतली. दारातून वळून म्हणाल्या, आजच कर.

२२ एप्रिल, दुपारी

करते. कठीण काय त्यात. थोरलीला जमतं ते मला का नाही जमणार.

पण गोंड्या गेला की ठमी—

पुन्हा आईकडेच जाणार ना. पुन्हा माझ्याकडे दिली की भोकाड. पुन्हा सगळे म्हणणार, होईल सवय.

उद्या करते. एका दिवसाने काय होतंय.

२३ एप्रिल

नाही जमलं. ठमी दिवसभर मांडीवर होती. ती असताना कसं करायचं?

२४ एप्रिल

ठमीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हाडं ठीक, रक्त ठीक. मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाल्या. परतताना ठमी माझ्याच कडेवर. थोरली शेजारून पिशवी घेऊन चालत होती, कामवाल्या बाईसारखी. रस्त्यात एकीने विचारलं, तुमची का हो? मी हो म्हटलं. थोरलीने ऐकलं. पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

गोंड्याचा डावा पायही सरळ होतोय.

२५ एप्रिल

थोरली माझ्या दारात आली. केस विंचरलेले नाहीत, पदर कसाही. म्हणाली, खुराड्यातली सगळी पिल्लं गेली आणि तेवढंच जगलं, रोग त्याच्यातूनच आलाय, मला बाकी काही कळत नाही. आणि मग हात जोडून—

"तुला हवी तर दिवसभर ठेव तिला. रात्रीही ठेव. मी मागणार नाही. पण ते पिल्लू संपव गं."

ठेव म्हणे. देते म्हणे! घरात जास्त झालेली भाजी शेजारी द्यावी तशी. आणि लोक म्हणणार, ताईंचं मन केवढं! देण्यातसुद्धा हीच मोठी. तिने हात जोडले नसते तर कदाचित मी आजच—

म्हटलं, माझं आहे, मी बघेन.

ती म्हणाली, तुला जमत नसेल तर मी करते. मी म्हटलं, खबरदार. सासूबाईंनी सांगितलेलं तेव्हाच तिला सांगायला हवं होतं. सांगितलं तर ती विचारणार, कधीपासून ठाऊक आहे? तीन दिवस? मग तू काय करत होतीस?

काय सांगू?

२६ एप्रिल

गोंड्या उभा राहिला. खोक्यात, दोन्ही पायांवर, ताठ.

ठमी मान धरत नाही.

आता नाही थांबायचं. बास. बादलीत कोमट पाणी काढलं. खोका उचलून धुण्याच्या दगडामागे ठेवला. हात धुतले— आधी कशाला धुतले कोण जाणे. गोंड्याला उचललं. हलका, गरम. माझ्याकडेच बघत होता. अंगठा मानेवर ठेवला.

आतून ठमीने हाक मारली.

"आई."

पहिल्यांदा. तिचा पहिला शब्द. उघड्या दारातून दिसलं, थोरली तिच्याशेजारीच बसलेली होती आणि ठमी दाराकडे बघून, माझ्याकडे बघून—

मला.

खोक्यात ठेवला परत. आत गेले. कुणीही गेलं असतं.

२७ एप्रिल

सकाळपासून मांडीवर आहे. श्वास उथळ. गोंड्याचा चालतो तसाच, ठेक्यात.

खोका अजून दगडामागेच. चहा झाला की जाते. नक्की. नवरोबा म्हणाले, तुझा चेहरा बरा दिसत नाही, खोका मी हलवू का. ओरडले त्यांच्यावर.

आणखी एकदा म्हणू दे. एकदाच. कालचं नीट ऐकलंच नाही मी. दगडामागे होते, हात ओले होते.

नंतर

थोरली अंगणात आली आहे. खिडकीतून दिसतेय. बाह्या वर केल्यात. दगडाकडे चाललीय—

नाही. तिने नाही करायचं. तिला सांगायला हवं. हाक मारायला हवी, खिडकी उघडीच आहे.

हाक मारली की ठमी जागी होईल, तिचा आवाज ऐकेल, तिच्याकडे बघेल. एवढंच. बघू दे. मारते हाक.

वाकली. खोक्याचं झाकण काढतेय.

ठमीने डोळे उघडले. माझ्याकडेच बघतेय, हसतेय. ओठ हलतायत. म्हणणार आहे, आता म्हणणार आहे— म्हणाली की लगेच मारते हाक, एवढं एकदा म्ह